ओढ्याकाठची लिडिया

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि तो त्या दिवशी तिथेच वर, रस्त्याकडेला गाडीपाशी थांबला होता. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापकांनी नेमकी हीच गोष्ट काढली. बाईंनी अमेरिकेतल्या एका कुटुंबाला त्यांचं दीडशे वर्षांपूर्वीचं माणूस शोधून दिलं, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मी खाली बघत राहिले. लोकांना वाटलं, बाई साध्या आहेत, कौतुकाने लाजतात.

मी लाजत नव्हते. मी — पण असं मधूनच नको. नीट सांगते. निदान प्रयत्न करते.

माझं घर शहापूरला. नोकरी मात्र तिकडे मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या जवळच्या एका शाळेत. आठवडाभर टोकावड्याला खोली घेऊन राहायचं, शनिवारी किन्हवलीमार्गे घरी यायचं, असं आयुष्य गेलं. इंग्रजी शिकवायची. आता इंग्रजी शिकवायची म्हणजे काय, तर मुलं फळ्यावरचं उतरवून घ्यायची आणि मी तपासायची. इतक्या वर्षांत इंग्रजीत माझ्याशी कुणी साधं बोललं नव्हतं. कोण बोलणार? हे सांगतेय ते सबब म्हणून नाही. तेव्हा मी कशी होते ते तुम्हाला कळावं म्हणून.

एका दिवाळीच्या सुट्टीत कल्याणहून माझ्या बी.एड.च्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या ओळखीत एक अमेरिकन बाई आल्या आहेत, वय झालेलं, सोबत कुणी नाही, माळशेजच्या पायथ्याशी कुणाची तरी कबर शोधतायत, तुझ्याच भागातलं काम आहे, जमेल का? मी लगेच हो म्हटलं. या मार्थाबाई दुसऱ्या दिवशी शहापूरला आल्या. हायवेवरच्या लॉजमध्ये उतरल्या, जेवायला आमच्याकडे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, तुमचं इंग्रजी फार सुंदर आहे.

माझ्यासारखीला हे वाक्य किती दिवस पुरलं असेल? अजून पाठ आहे.

त्यांनी आपल्या घराण्याची गोष्ट सांगितली ती अशी. त्यांच्या पणजोबांचा बाप, ईझरा नावाचा. दीडेकशे वर्षांपूर्वी पूर्वेकडचं सगळं विकून, बायकोपोरांना बैलगाडीत घालून, तो आयोवा नावाच्या मुलखात गेला. माणसाहून उंच गवत, ना रस्ता ना शेजार. त्याने नदीकाठी लाकडाचं घर उभं केलं, जमीन फोडली. आज तिथे गाव आहे, आणि गावाच्या चौकात ईझराच्या नावाचा दगड आहे — इथे आलेला पहिला माणूस. मार्थाबाईंनी नोकरी संपल्यापासून एकच काम केलं होतं, या ईझराच्या सगळ्या लेकरांचा माग काढायचा. कोण कुठे गेलं, कुणाशी लग्न झालं, कुठे पुरलं. सगळे सापडले होते. राहिली होती एक, थोरली मुलगी लिडिया. ती मुली शिकवायला म्हणून मिशनच्या कामावर हिंदुस्थानात आली, मुंबईला उतरली, नगरकडे जायला निघाली, आणि माळशेज चढायच्या आधीच तापाने वाटेत गेली. सोबतच्या लोकांनी घरी एवढंच कळवलं की घाटाच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठी, दोन मोठ्या झाडांच्या मध्ये तिला ठेवली आहे.

आता आमच्याकडे ओढे किती आणि झाडं किती! तरी मी म्हणाले, मी शोधून देते. "बघू या" म्हणाले नाही, "शोधून देते" म्हणाले.

आम्ही फिरलो. नवरा गाडी चालवायचा, मी वाटाड्या. भाताची कापणी चालू होती, बांधाबांधावर लोक भेटायचे, मी विचारायची, ते माना हलवायचे. गोऱ्यांच्या वेळचं काही? नाय बा. एकाने एक पडका चुन्याचा कट्टा दाखवला, ती निघाली जुनी चौकी. मार्थाबाईंचे गुडघे सुजले होते. तरी त्या काठी टेकत प्रत्येक ओढ्यापर्यंत उतरायच्या आणि परत चढायच्या.

गाडीत बसलो की त्या बोलायच्या. एका दुपारी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मला इथे सांगायलाच हवी, कारण ती ऐकूनही मी जे करायचं ते केलं. त्या म्हणाल्या, चौकातला तो दगड खोटा आहे. ईझरा तिथला पहिला माणूस नव्हता. त्याच्या शेतात मातीचे उंचवटे होते, तिथल्या मूळ लोकांनी आपली माणसं पुरलेली. ते लोक तेव्हा नदीपलीकडे होते, अधूनमधून येऊन तिथे बसायचे. ईझराने ते सगळे उंचवटे नांगरून सपाट केले. मार्थाबाईंना हे शोधता शोधता कळलं आणि त्यांनी ते घराण्याच्या इतिहासात जसंच्या तसं लिहून टाकलं. चुलत भावंडांनी बोलणं तोडलं. दर वर्षी सगळं घराणं जमतं, तिथलं बोलावणं बंद झालं.

"आमच्या माणसाने कुणाच्या तरी मेलेल्यांवरून नांगर फिरवला," त्या म्हणाल्या, "आणि त्याच शेतातला मका खाऊन आम्ही मोठे झालो. हे लिहायचं नाही, तर मग काय लिहायचं?"

मला त्यांचा फार आदर वाटला. खरंच वाटला.

शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान. वैशाखऱ्याच्या पुढच्या एका ओढ्यात आम्ही उतरलो, काही नव्हतं. मार्थाबाई एका खडकावर बसल्या आणि रडायला लागल्या. माझ्याकडून आता पुन्हा येणं होणार नाही, म्हणाल्या. तुम्ही केलंत तेवढं कुणी केलं नाही.

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं? मिळत नाही, मला माफ करा. एवढंच. सोपं होतं. ते मी म्हणाले नाही. मी म्हणाले, "एक जागा बघायची राहिली आहे."

ती जागा मला माहीत होती. तिथे कोण आहे तेही माहीत होतं.

तिथे सांगी होती. सातवीच्या वर्गातली, वरच्या कातकरवाडीतली माझी मुलगी — माझी म्हणजे शाळेतली. वळवाचे दोन पाऊस पडले की माझ्यासाठी रानातून शेवळांची भाजी घेऊन यायची, आणि सोबत त्यात घालायला मूठभर आंबट काकडंही आणायची. बाई, नुसती शेवळं खाऊ नका, घसा खवखवतो, असं मला बजावायची. श्रावणात पहाटे झोपेतच तिला मण्यार चावली. मुरबाडला नेताना जीपमध्येच गेली. दुपारी वाडीच्या लोकांनी तिला ओढ्याकाठी, आंबा आणि ऐनाच्या मध्ये पुरली. पाऊस चालू होता. शाळेतून आम्ही तिघं गेलो होतो. तिचा बाप काळू एकेक दगड ओढ्यातून उचलून आणत होता आणि वर रचत होता, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. तिची आई भिमी बाजूला बसली होती. मी भिमीच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. तोच हात हा, ज्याने आता लिहितेय.

याला तेव्हा तीन-चार पावसाळे झाले होते. आमच्याकडचा पाऊस दगडावर असं शेवाळ चढवतो की कालचं आणि शंभर वर्षांपूर्वीचं ओळखू येत नाही. हे मला माहीत होतं. वाटेत चालताना हाच विचार करत होते, की ओळखू येणार नाही. रस्त्यापासून ओढ्यापर्यंत पायवाट बरीच आहे आणि मार्थाबाई हळू चालतात. थांबायला, मागे फिरायला पुष्कळ वेळ होता. मी पुढे चालत राहिले. अंगाला घाम सुटला होता, आणि — हे लिहिणं अवघड जातंय — आत कुठेतरी मला आनंदही होत होता. मी शोधून दिली असं होणार होतं.

ओढा, दोन झाडं, दगडांची रास. मार्थाबाई बघतच राहिल्या. मी सांगितलं, जुनी माणसं हिला मडमेची गोर म्हणतात, मडमेची कबर. कुठली जुनी माणसं? त्या क्षणी मी ती तयार केली. त्या म्हणाल्या, किती लहान आहे. लिडिया उंच होती असं घरी सांगतात. मी म्हणाले, पावसाने दगड वाहून जातात.

 त्यांनी काठी टाकली, गुडघ्यांवर बसल्या, दगडांवर दोन्ही हात ठेवले. ईझराच्या शेतातली माती त्यांनी कापडी पुरचुंडीत बांधून आणली होती. ती त्यांनी सांगीवर पसरली.

आणि वरच्या वाटेने भिमी आली.

डोक्यावर लाकडांची मोळी होती. आम्हाला बघून थांबली. मोळी खाली टाकली. आधी मार्थाबाईंकडे, मग मातीकडे, मग माझ्याकडे बघितलं.  तिने आरडाओरडा केला नाही. जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, ही माजी पोर हाय. तुमाला ठावं हाय."

मार्थाबाईंनी मान वर केली. ही काय म्हणते, त्यांनी विचारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी म्हणजे त्या दोघींच्या मधली एकटीच दुभाषी. एकीला इंग्रजी येत नाही, एकीला मराठी येत नाही. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी बोलले. अगदी स्वच्छ, व्याकरणशुद्ध इंग्रजीत बोलले — ती म्हणते, ही आमचीच आहे. आम्हीच इतकी वर्षं हिला सांभाळली.

मार्थाबाई उठल्या. भिमीजवळ गेल्या आणि तिला मिठी मारून हुंदके द्यायला लागल्या. भिमी ताठ उभी होती, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. थोड्या वेळाने तीही रडायला लागली. बहुधा तिला वाटलं असेल, या परक्या म्हातारीला आपल्या पोरीसाठी रडू येतंय. मी मार्थाबाईंच्याच फोनवर दोघींचा फोटो काढला. काढायला सांगितला होता, काढला.

निघताना भिमीने मला विचारलं, ती माती कसली. मी म्हणाले, त्यांच्या देवाची आहे, चांगली असते.

परतीच्या वाटेवर नवऱ्याने विचारलं, सापडली का. मार्थाबाईंनीच हसून मान हलवली. टोकावडे येईपर्यंत त्या माझा हात हातात धरून बसल्या होत्या.

सुट्टी संपल्यावर मी वाडीवर गेले. भिमीला सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. ती दारात नाचणी पाखडत होती. मी सांगितलं की त्या बाईंचा गैरसमज झालाय. गैरसमज! जणू तो आभाळातून पडला होता. त्या बाईंना वाटलं की इथे त्यांचंच माणूस आहे. भिमीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुमी सांगा की तिला. तिच्या बोलीत तुमालाच येतंय."

कळवते, म्हणाले. त्या आठवड्यात मी पत्र लिहायला बसले, पुढच्या आठवड्यात पुन्हा बसले. तेवढ्यात मार्थाबाईंचाच मेल आला. घराण्यात बातमी गेली होती. बोलणं तोडलेल्या भावंडांचे फोन आले होते. या वर्षीच्या मेळाव्याला त्यांना बोलावलं होतं, तो फोटो मोठा करून भिंतीवर लावणार होते. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की लिडियाच्या कबरीवर दगड बसवायचा, मी मदत करीन का?

मी केली. शहापूरला पाट्या कोरणाऱ्याकडे मी स्वतः गेले. काळा दगड पसंत केला. लिडियाचं नाव, ईझराची कन्या, आयोवाची. स्पेलिंग मी तपासलं. एक अक्षर उलटं पडलं होतं, ते बदलून घेतलं.

ग्रामपंचायतीने आनंदाने परवानगी दिली. सरपंचांना वाटलं, घाटात येणारे पर्यटक इकडे वळतील. दगड रस्त्यापासून ओढ्यापर्यंत वाहून न्यायला वाडीतले चौघे बोलावले. त्यांत काळू होता. हे मला तिथे पोचल्यावर दिसलं. मी परत फिरले का? नाही. छत्री उघडून उन्हात उभी राहिले. सरपंच होते, दोन-तीन शिक्षक होते, फोटो काढणारे होते.

चौघांनी दगड खांद्यावरून उतरवला. काळूने घाम पुसला आणि मला विचारलं, "बाई, दगड कुठं लावायचा? डोस्क्याकडं का पायांकडं?"

मी म्हणाले, डोक्याकडे.

तो आंब्याच्या बाजूला गेला. कुणाला विचारलं नाही, अंदाज घेतला नाही, सरळ आंब्याच्या बाजूला गेला आणि तिथे खड्डा खणायला लागला. डोकं कुठल्या बाजूला आहे हे त्याला कसं ठाऊक, असं तिथे जमलेल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं तर मी सांगून टाकेन. मी वाट बघत राहिले. माझ्या वाट्याचं कुणीतरी दुसऱ्याने बोलावं, म्हणून मी वाट बघत होते. खड्डा झाला, दगड बसला, सिमेंट ओतलं. काळूने हात धुतले. मग सरपंचांनी नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. काळूनेही घेतलं.

त्याने तरी का नाही सांगितलं? भिमीने का नाही? तुम्ही विचाराल. मीही स्वतःला बरेच दिवस विचारून बघितलं, आणि त्यातून माझी सुटका होईल असं उत्तर शोधलं. उत्तर तसं नाहीच. त्यांनी सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. मी कळवते म्हणाले होते आणि त्यांनी बाईंच्या शब्दावर विश्वास ठेवला. सरपंचापुढे, मास्तरांपुढे, दगडावरच्या इंग्रजीपुढे ती दोघं वेगळं काय बोलणार होती, आणि बोलली असती तर त्यांचं खरं आहे असं सांगणारं एकच माणूस तिथे होतं. ते छत्री घेऊन उभं होतं.

पुढे गुरं शिरतात म्हणून भोवती जाळीचं कुंपण झालं. कुंपणाला दार, दाराला कुलूप. किल्ली माझ्याकडे, कारण पाहुणे आले तर बाईच दाखवणार. सर्वपित्रीला भिमी शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभी राहायची. मी किल्ली द्यायची. ती जाऊन भात ठेवून यायची आणि किल्ली परत आणून द्यायची. एवढ्या वर्षांत त्या व्हरांड्यात आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. दरवेळी मी ठरवायची की आज बोलायचं. तास संपल्याची घंटा व्हायची, मी वर्गात जायची.

मार्थाबाई नंतर बरीच वर्षं होत्या. मेल यायचे, नाताळला कार्ड यायचं. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं, की उंचवट्यांबद्दल लिहिल्यावर मला वाटलं होतं आमच्या घराण्याला क्षमा नाही. पण त्या बाईने मला जवळ घेतलं तेव्हा वाटलं, कुठेतरी, कुणीतरी आम्हाला माफ केलं. मी उत्तरात लिहिलं, मला फार आनंद झाला. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्या गेल्यामुळे आता सांगता येत नाही, असं मी म्हणणार नाही. त्या होत्या तेव्हाही मी सांगितलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर किल्ली शहापूरला घरी आली. मागच्या सर्वपित्रीला भिमी इतक्या लांब कशी येणार, म्हणून मीच निघाले. एसटीने मुरबाड, तिथून वैशाखरे, मग चालत वाडीवर. ठरवलं होतं, किल्ली तिला देऊन टाकायची. कुंपण काढा म्हणायचं, दगड काढा म्हणायचं, सरपंचांशी मी बोलते म्हणायचं. सगळी वाक्यं तयार होती.

भिमी आता पार वाकली आहे. काळू दोन वर्षांपूर्वी भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला तो तिकडेच आजारी पडून गेला. तिने मला पाटावर बसवलं, काळा चहा दिला. मी किल्ली काढून तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही. झोपडीमागे, पडवळाच्या मांडवाखाली तीन-चार दगड मांडलेले होते, त्यांवर ओला भात होता, शेंदराचं बोट होतं. मी बघतेय हे तिने बघितलं.

"ती तुमच्याकडंच ठेवा बाई," ती म्हणाली. "आमी आता तिला हितूनच हाक मारतो."

मी चहा संपवला. तयार केलेल्या वाक्यांतलं एकही बोलले नाही. ती मला वाटेपर्यंत सोडायला आली.

कुलूप अजून लावलेलं आहे. पाऊस संपला की मार्थाबाईंची मुलगी आपल्या मुलांना घेऊन कबर बघायला येतेय. मला विचारलं होतं, दाखवायला याल का. खरं काय ते कळवायला माझ्याकडे अख्खा उन्हाळा होता. मी कळवलं की येईन.